नेम आणि अर्ज

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी यवत मागें टाकून पाटसच्या दिशेनें धांवूं लागली, म्हणजे खिडकींतून दोन निरनिराळे देश दिसूं लागतात. कालव्याचें पाणी पोंचतें तेथें उंसाचे हिरवेगार फड, आणि तें पोंचत नाहीं तेथें कुसळांचे उघडे माळ. भीमेच्या दक्षिणेस दौंड व उत्तरेस घोडनदीच्या कांठचें शिरूर, हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहेत. वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें 20 इंच, आणि तोही लहरी. ज्या प्रदेशास पिढ्यान्‌पिढ्या आभाळाच्या लहरीवर जगावें लागलें, त्याचा इतिहास आज साऱ्या जगापुढें उभ्या असलेल्या एका प्रश्नास उपयोगी पडण्यासारखा आहे.

तो प्रश्न असा. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यजातीनें पृथ्वीचें हवामान बिघडविलें, ही गोष्ट शास्त्रज्ञांत आतां वादाची राहिलेली नाहीं. तें सांवरण्यासाठीं एखाद्या गृहस्थानें काय करावें? एक पक्ष म्हणतो, प्रत्येकानें आपल्या घरापुरता संयम पाळावा. दुसरा म्हणतो, घरांतील एक दिवा मालवून काय होणार? सरकारचें धोरणच बदललें पाहिजे. हे दोन पक्ष एकमेकांस खोडून काढण्यांतच आपली शक्ति खर्चितात. भीमातीरचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

1874 सालच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडे येथील रयतेनें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचें शेत कोणी कसेना, त्यांच्या घरचें काम कोणी करीना. रयतेच्या हातीं शस्त्र नव्हतें. नाकारणें एवढेंच साधन होतें. परंतु त्या नकारास पुढें वाट सांपडली नाहीं. कर्ज आणि साऱ्याचा बोजा तसाच राहिला, आणि 12 मे 1875 रोजीं, तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडणाऱ्या सुपें गांवीं दंगा उसळून खतें जाळण्यांत आलीं. दंग्याचें लोण शिरूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, व 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जाळपोळीचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. पण घरोघरचा निश्चय कायद्यापर्यंत नेणारा पूल नसला, म्हणजे तो निश्चय एक तर विझतो किंवा भडकतो, एवढें यावरून दिसतें.

तसा पूल बांधण्याचें काम 1870 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें हातीं घेतलें होतें. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी यांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणत. 1872 सालीं त्यांनीं स्वदेशी वस्तूच वापरण्याचा नेम केला, आणि 1877 च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीनें गेले ते जाडीभरडी खादी अंगावर घालूनच. ज्या हातानें ते अर्ज लिहीत, त्याच हातानें त्यांनीं सूतही कातलें. नेम आणि अर्ज हीं त्यांच्या ठायीं एकाच कामाचीं दोन अंगें होतीं.

त्याच सुमारास या कामाची कसोटी लागली. 1876 सालीं पाऊस फसला. प्रशांत महासागराचें पाणी तापवून दूरदूरच्या देशांचें पर्जन्यमान बिघडविणारा 'एल निनो' त्या वेळीं अति प्रबळ झाला होता, हें आज आपणांस ठाऊक आहे. भीमथडीच्या कुणब्यास फक्त कोरडें आभाळ दिसत होतें. पाटसजवळच्या माटोबा तलावासारखीं कामें दुष्काळपीडितांसाठीं निघालीं. पण 1877 च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें पुरुष मजुराची मजुरी दिवसास एक रत्तल धान्य व एक आणा इतकी खालीं आली. अनेक मजुरांनीं कामें सोडलीं. सभेनें ठिकठिकाणची माहिती मिळवून ती सरकारपुढें व लोकांपुढें मांडली. 1880 सालीं फॅमिन कमिशनचा अहवाल आला, व त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. हें सर्व एकट्या सभेच्या प्रयत्नांनीं घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु उपाशी माणसाचें दुःख दप्तरांत नोंदलें गेलें, त्यांत तिचा हात होता.

1896 सालीं पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां टिळकांच्या पुढाकारानें सभेचे लोक खेडोपाडीं हिंडून हेच नियम रयतेस समजावून सांगूं लागले. त्याचें बक्षीस म्हणून 1897 सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. योगायोग असा कीं, त्याच 1896 सालीं स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनिअस यानें हवेंतील कार्बन वायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित प्रसिद्ध केलें. त्या दुष्काळास हा वायु कारण नव्हता. आजच्या लहरींत मात्र त्याचा वांटा आहे. 1950 ते 2015 या काळांत मध्य भारतांत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें संशोधकांस आढळलें आहे. म्हणजे आभाळास दोष देऊन मोकळें होण्याची सोय आतां उरली नाहीं.

1972 च्या दुष्काळानें हा धडा पुन्हां गिरविला. दौंडच्या शेजारीं पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे या कारखानदार इंजिनिअरानें लोकांचे हाल पाहिले, आणि 1974 पासून नायगांवच्या उजाड माळावर पाणी अडविण्याचा प्रयोग आरंभिला. त्यांतून निघालेल्या पाणी पंचायतीचे नियम मननीय आहेत: पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, माणसांच्या मानानें वांटावयाचें, माणशीं अर्धा एकर, पण कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं, भूमिहीनासही वांटा, आणि ऊंस कोणीं लावावयाचा नाहीं. येथें संयम हा खासगी सद्‌गुण न राहतां गांवाचा कायदा झाला. राज्याच्या कायद्यांत तीं तत्त्वें पूर्णपणें उतरलीं नाहींत, हें या प्रयोगाचें अपुरेपण. उलट त्याच दुष्काळांत वाढलेली रोजगार हमीची योजना 1977 च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील खेडुताचा हक्क झाली, व 2005 सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला. एक गोष्ट नेम होऊन राहिली, दुसरी कायदा झाली. दोहोंच्या व्याप्तींतील अंतर उघड आहे.

मग नेमाचें महत्त्व काय? आम्ही पुणेकर खडकवासल्याचें पाणी पितों; उरेल तें कालव्यानें दौंडकडे जातें. आमचें सांडपाणी मुळा-मुठेंतून भीमेस मिळतें आणि दौंडवरून उजनीकडे वाहतें. आमच्या घरीं जळणारी वीज मुख्यतः कोळशाची आहे. असें असतां नळ वाहता ठेवून, हांकेच्या अंतरावर मोटार काढून, आम्हीं शेतकऱ्यास ऊंस कमी करण्याचा उपदेश केला, तर तो कोण ऐकेल? उलट घरीं सर्व नियम पाळून महापालिकेस सांडपाण्याचा जाब विचारला नाहीं, मतें मागावयास आलेल्या उमेदवारास कोळशाची वीज, कालव्याचें पाणी व बसगाड्या यांविषयीं प्रश्न केला नाहीं, तर आमचा संयम उंबऱ्याच्या आंतच राहील. नेमानें अर्जास वजन येतें, आणि अर्जानें नेम चारचौघांचा होतो.

करडे येथील रयतेजवळ नकार होता, अर्ज लिहिणारें कोणी नव्हतें. आपणांजवळ लेखणी आहे, मत आहे, आणि त्या रयतेच्या मानानें पुष्कळच सुबत्ता आहे. एवढें असून हात बांधून बसलों, तर पाटसच्या माळावरील पुढील पिढीस आभाळाकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेतां येणार नाहीं.