फवारणीआधीचा रक्तनमुना

2017 च्या पावसाळ्यात वऱ्हाडात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेचा इतिहास लिहायचा, तर कागदपत्रांची वाण नाही. रुग्णालयाच्या नोंदी आहेत, पोलिसांचे कागद आहेत, शासनाचा बंदी आदेश आहे, विशेष तपास पथकाचा अहवाल आहे. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक जण दगावले आणि आठशेहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, इथवर ही साधने साधारण एकमताने बोलतात. नेमके कोणते रसायन कोणाला बाधले, या प्रश्नाशी मात्र त्यांच्या वाटा फुटतात.

वाशीम जिल्हा या प्रकरणात कागदोपत्री येतो तो बंदी आदेशातून. नोव्हेंबर 2017 मध्ये शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. ती यवतमाळबरोबर अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांनाही लागू होती. मानोरा आणि कारंजा हे तालुके यवतमाळच्या हद्दीला लागून आहेत. तेव्हा धोका जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबणारा नाही, हे शासनाने मानले होते, एवढे निश्चित. वाशीममध्ये किती जणांना बाधा झाली, हे त्यावरून काढता येणार नाही. बंदी आदेश हा सावधगिरीचा पुरावा असतो. घटनेचा पुरावा वेगळा लागतो.

आदेशातली यादी मात्र बारकाईने वाचण्यासारखी आहे. प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. उत्पादने पाच, घटक सात. त्यांपैकी प्रोफेनोफॉस, ॲसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस ही तीन ऑर्गनोफॉस्फेट गटातली. हा गट शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडतो. मग घाम आणि लाळ सुटते, डोळ्याची बाहुली बारीक होते, दम कोंडतो. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजले, तर ही बाधा आकड्यात पकडता येते. उरलेले चार घटक वेगळ्या मार्गाने घात करतात. ही तपासणी त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. म्हणजे आकडा खूप घसरलेला असेल तर संशयित गट ठरतो, पण आकडा ठीक असला म्हणून विषबाधा नव्हती असे म्हणता येत नाही.

हा आकडा यवतमाळच्या रुग्णांबाबत मिळतो का? अमरावतीचे तत्कालीन विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या नेतृत्वाखाली तपास पथक नेमले गेले. त्याचा अहवाल पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला. पथकाने मोनोक्रोटोफॉसवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. त्याच चौकशीतून हेही पुढे आले, की यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणीची सोयच नव्हती. डॉक्टरांना लक्षणांवरून आणि रुग्णाच्या सांगण्यावरून उपचार करावे लागले.

याचा परिणाम पुढच्या कागदांवर दिसतो. स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय या संस्थेने 2020 मध्ये पोलीस नोंदींच्या आधारे सांगितले, की विषबाधेच्या 96 प्रकरणांचा, त्यातल्या दोन मृत्यूंचा, संबंध सिंजेंटा कंपनीच्या पोलो या कीटकनाशकाशी जोडलेला आहे. त्याच वर्षी बाझेलमध्ये दिवाणी दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पोलोतला घटक डायफेन्थियुरॉन. म्हणजे कोलिनेस्टरेजच्या तपासणीत न सापडणारा. तरीही ती तपासणी झाली असती, तर निदान ऑर्गनोफॉस्फेटचे रुग्ण वेगळे काढता आले असते. हे अर्थात अनुमान आहे, कारण अनेकांनी एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली होती.

आता कायद्याचा कागद पाहू. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून 1968 चा कीटकनाशक कायदा आला. 1971 च्या नियमावलीतला नियम 37 सांगतो, की फवारणीच्या कामावरच्या माणसांचीही वैद्यकीय तपासणी कामाला लावण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने व्हावी, तिची नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी. पण ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजण्याची सक्ती आहे ती कारखान्यातल्या कामगारांपुरती. रोजंदारीवर पाठीला पंप लावून चार शेतांत फवारणारा मजूर तिच्या बाहेर राहतो. त्याचा मालक आज एक, उद्या दुसरा. रजिस्टर ठेवायचे कोणी?

कॅलिफोर्नियाने शेतातल्या फवारणी कामगारांसाठी कोलिनेस्टरेजचे हे मोजमाप 1974 मध्ये सुरू केले, वॉशिंग्टन राज्याने 2004 मध्ये. पद्धत साधी आहे. हंगामाआधी रक्ताचा नमुना घ्यायचा, हंगामात पुन्हा घ्यायचा. मूळ आकड्यापेक्षा 20 टक्के घट दिसली, की कामाची पद्धत तपासायची; लाल पेशींतली घट 30 टक्क्यांवर गेली, की माणसाला फवारणीवरून काढायचे. मूळ नमुना लागतो, कारण निरोगी माणसांतही ही पातळी एकसारखी नसते.

हा पुरावा टिकतही नाही. लाल पेशींतले कोलिनेस्टरेज नव्या पेशी येतील तसे भरून निघते, आणि पेशीचे आयुष्य साधारण 120 दिवसांचे असते. सप्टेंबर 2017 मध्ये बाधित झालेल्या माणसाच्या रक्तातला हा पुरावा जानेवारी 2018 पर्यंत बहुतेक पुसला गेला असणार. न्यायालयात अहवालावर खल चालू असताना मूळ साक्षीदार निघून गेलेला होता.

त्याच जानेवारीत वाशीमची गणना केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. प्रगती मोजण्यासाठी 49 निर्देशक ठरले. त्यांत मृदा आरोग्य पत्रिकांचे वाटप आहे. फवारणाऱ्याच्या रक्ताची तपासणी नाही. जमिनीचा सामू नोंदवणारी यंत्रणा गावापर्यंत पोहोचू शकते, तर मे महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात मजुराचा एक नमुना घेणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. नियम 37 मधली महिन्याची सक्ती कारखान्याच्या फाटकाबाहेर, निदान फवारणीच्या हंगामापुरती आणावी लागेल. नाहीतर पुढच्या विषबाधेचा इतिहासही मेलेल्यांच्या संख्येवर आणि बाटलीवरच्या नावावरच लिहावा लागेल.