घरोघरच्या निवड समित्या

ज्या कामात आपल्याला मत नाही, ज्याबाबत आपला सल्ला कोणी मागितलेला नाही आणि ज्याच्या निकालावर आपल्या संतापाचा तिळमात्र परिणाम होणार नाही, अशा कामाचा निवाडा आदल्या रात्रीच कागदावर उतरवून खिशात बाळगण्याचा जो शिरस्ता मुंबईच्या क्रिकेटवेड्या मध्यमवर्गात एके काळी रूढ होता, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. भारताचा संघ निवडण्यासाठी उद्या बैठक भरणार अशी बातमी सकाळच्या पत्रात आली, की चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत दादरपर्यंत सलामीची जोडी ठरे, वांद्र्याला फिरकी गोलंदाजांवरून हमरीतुमरी होई, आणि सांताक्रूझला उतरणारा कारकून पंधरा नावांवर एकमत झाल्याचे समाधान व सोळाव्या नावाचा सल बरोबर घेऊन, पूल ओलांडून वाकोल्याच्या वाटेला लागे. दौऱ्यावर जाणारा संघ त्या काळी बहुधा सोळा जणांचा असे. पहिली बारा-तेरा नावे कोणीही सांगावीत. खरी विद्वत्ता शेवटच्या तीन नावांत दिसे, आणि दुसरा यष्टिरक्षक कोण या प्रश्नावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत आठवडाभर अबोला धरला जाई.

असल्या भाकितांचा धंदा अमेरिकेत फार मोठा आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉल संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू दरवर्षी पाळीपाळीने निवडतात. या ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. सधन संघांनी उत्तम खेळाडू पळवावेत आणि दुर्बलांनी वर्षानुवर्षे मार खावा, या व्यवस्थेला कंटाळून त्यांनी असा नियम सुचविला की गेल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याने सर्वांत आधी निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. त्याप्रमाणे १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिला मान मिळालेला जे बर्वँगर हा पुढे त्या व्यावसायिक स्पर्धेत एकही सामना खेळला नाही, ही गोष्ट भाकीत करणाऱ्यांनी खरे तर देव्हाऱ्यात लावून ठेवायला हवी. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात, १९८० पासून तो सोहळा दूरचित्रवाणीवर दिसतो, आणि आपला संघ कोणाला घेणार याच्या याद्या तेथील शौकीन महिनोन्‌महिने आधी तयार करतात. २००० साली न्यू इंग्लंडने सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर उचललेला टॉम ब्रॅडी पुढे त्या खेळाचा सार्वभौम ठरला. तरीही याद्या करणाऱ्यांचा आत्मविश्वास किंचितही कमी झालेला नाही.

मात्र त्या याद्यांत आणि मुंबईच्या यादीत एक मूलभूत भेद आहे. तिकडे पाळी कोणाची हे जाहीर असते आणि कोणत्या संघाला कशाची उणीव आहे हे सर्वश्रुत असते, म्हणून यादी हे अनुमान असते आणि ते चुकले की अनुमानकर्ता ओशाळतो. आपल्याकडे बंद दाराआड, कोणत्या निकषावर आणि कोणाच्या भिडेखातर निर्णय होईल हे कोणालाच ठाऊक नसे. त्यामुळे मुंबईकराची यादी भाकिताच्या वेषात वावरत असली तरी ती मुळात फिर्याद होती. ती चुकली म्हणजे फिर्यादी चुकला असे कोणी मानीत नसे, निवड समिती चुकली असेच मानले जाई.

या फिर्यादीला जुना इतिहास आहे. धर्मवार संघांच्या चौरंगी सामन्यांच्या काळात हिंदू संघाचा श्रेष्ठ गोलंदाज पाळवणकर बाळू हा अस्पृश्य गणलेल्या जातीतला होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही त्याला हिंदूंचे कर्णधारपद कधी रीतसर मिळाले नाही. १९२० साली त्याला वगळण्यात आले, तेव्हा त्याचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपले गाऱ्हाणे लोकांसमोर मांडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याने संघाला विजय मिळवून दिला. संघाची यादी हा समाजाचाही जाबसाल असू शकतो, हे मुंबईच्या प्रेक्षकाने मैदानाच्या कडेला उभे राहून तेव्हाच पाहिले होते. पुढे १९३६ मध्ये विजयानगरमच्या महाराजकुमारांनी क्रीडागुणांपेक्षा दरबारी वजनाच्या बळावर भारताचे कर्णधारपद मिळविले आणि लाला अमरनाथांची दौऱ्यातूनच मायदेशी रवानगी केली. प्रेक्षकाच्या मनातील संशय या प्रकाराने इतका पक्का झाला की संस्थाने गेली तरी तो गेला नाही.

तो संशय जाण्याचे कारणही क्रिकेट मंडळाने दिले नाही. १९५८-५९ च्या मोसमात वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताला चार कर्णधार लाभले: पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि हेमू अधिकारी. मद्रासच्या सामन्यापूर्वी उम्रीगरांनी संघातल्या एका नावावरून मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद होताच ऐन वेळी राजीनामा दिला. त्यांना मनोहर हर्डीकर हवा होता, वरून जसू पटेलचा आग्रह झाला. त्यानंतर इंग्लंडला जाणाऱ्या संघाचे नेतृत्व दत्ताजीराव गायकवाडांकडे, म्हणजे पाचव्याच गृहस्थांकडे गेले आणि पाचही कसोटी सामने हरून संघ परतला. ज्या समितीला वर्षभरात एक कर्णधार टिकविता येत नाही, तिच्यापेक्षा आपण अधिक शहाणे आहोत असे एखाद्या बँकेतल्या हेडक्लार्कला वाटले, तर तो अहंकार म्हणता येणार नाही.

त्यातच मुंबईचा माणूस निःपक्षपाती नव्हता, आणि तसा आव त्याने आणला तरी कोणी फसत नसे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वर्षे जिंकला. तेव्हा भारताचा संघ म्हणजे मुंबईचा संघ अधिक बाहेरचे चार-पाच, हे सूत्र त्याला व्याकरणाच्या नियमासारखे वाटे. परंतु निवड समिती पाच विभागांच्या प्रतिनिधींची, आणि प्रत्येक प्रतिनिधी आपल्या विभागाचा वकील. तेव्हा दक्षिणेला दोन फिरकी गोलंदाज दिले की उत्तरेचे समाधान कशाने करायचे, असले तहनामे मनातल्या मनात करूनच यादी लिहावी लागे. पद्माकर शिवलकर हे नाव या कागदांवर वर्षानुवर्षे लिहिले गेले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेणारा, १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूची एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ अशी वाताहत करणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज एकही कसोटी खेळला नाही, कारण बिशनसिंग बेदी त्याच्याच काळात जन्मले. बेदी थोर होते यात शंका नाही. पण शिवलकरांना सोळाव्या जागेवर तरी न्यायला हवे होते, हा मुंबईचा दावा माझ्या मते आजही मुदतीबाहेर गेलेला नाही.

सर्व घरगुती समित्यांचा कस लागला तो १९७१ च्या जानेवारीत. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. १९६२ पासून ते पद मन्सूर अली खान पतौडींकडे होते आणि ते जाईल असे मुंबईतही फार थोड्यांनी गृहीत धरले होते. समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले. पतौडींनी दौऱ्यातून माघार घेतली आणि लोकसभेची निवडणूक लढविली. तेथेही निवड करणाऱ्यांनी त्यांना अनुकूल कौल दिला नाही. संघाची यादी पाहावी तर ती कोणाच्याही कागदाशी जुळेना. लँकेशायरकडून खेळणारे फरोख इंजिनीयर नाहीत, त्यांच्याऐवजी कृष्णमूर्ती आणि जीजीभॉय असे दोन यष्टिरक्षक, दोघांनाही कसोटीचा अनुभव शून्य. फिरकी गोलंदाज चंद्रशेखर नाहीत. एकवीस वर्षांचा सुनील गावसकर मात्र आहे, आणि ज्यांची कारकीर्द संपली असे पुष्कळांनी जाहीर करून टाकले होते ते दिलीप सरदेसाई, कर्णधाराच्या आग्रहाने, आहेत.

या सोळांपैकी जीजीभॉय आणि गोविंदराज एकही कसोटी न खेळता परत आले. ज्या नावांवरून आठवडाभर अबोला धरावा, त्यांचे भवितव्य बहुधा असेच असते. सरदेसाईंनी किंग्स्टनला २१२ धावा काढल्या आणि मालिकेत ६४२; नखाच्या दुखण्यामुळे पहिल्या सामन्याला मुकलेल्या गावसकरांनी उरलेल्या चार सामन्यांत ७७४ केल्या; पोर्ट ऑफ स्पेनचा सामना जिंकून भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली मालिका खिशात घातली. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला जाताना समितीने चंद्रशेखरना पुन्हा बोलावले. तो जुगार आहे असे म्हणणाऱ्यांचे तोंड ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी बंद केले, आणि २४ ऑगस्टला तीही मालिका भारताची झाली.

आता सांताक्रूझची गोष्ट. पूर्वी संघ बॅलार्ड पियरहून बोटीने जात, त्यामुळे निरोप आणि स्वागत हा दक्षिण मुंबईचा मक्ता होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलासाठी बांधलेली येथील धावपट्टी युद्धानंतर नागरी वाहतुकीकडे आली, जुहूची मोठी विमाने इकडे वळली, आणि भाजीच्या मळ्यांच्या व कौलारू घरांच्या या उपनगराचे नाव जगभरच्या वेळापत्रकांत छापले जाऊ लागले. क्रिकेटपटूंची ये-जा आपोआप सांताक्रूझच्या पदरी पडली. इंग्लंडहून परतणारा संघ आधी दिल्लीला पंतप्रधानांच्या भेटीस गेला आणि मग मुंबईला उतरला. विमानतळापासून शहरापर्यंत उघड्या मोटारींची मिरवणूक निघाली आणि दुतर्फा लोकांची दाटी झाली. जानेवारीत ज्यांनी मर्चंटांच्या नावाने बोटे मोडली होती, त्यांचेही हार त्या गर्दीत होते. आपण वाडेकरांनाच निवडले होते असे सांगणाऱ्यांची संख्या त्या संध्याकाळी इतकी वाढली की तेवढी मते समितीत असती, तर अध्यक्षांना निर्णायक मत टाकण्याची तसदी पडली नसती.

पुढची वर्षे झपाट्याने ओलांडतो. बाळ ज. पंडितांच्या मराठी धावत्या समालोचनाने जो श्रोता घडला, त्याला संदीप पाटलांच्या संपादकत्वाखालील ‘षट्कार’ने वाचक केले, आणि यादी करण्याची हौस आकड्यांनी अधिक सुसज्ज झाली. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या नव्या इमारतीकडे गेली. यादीचा स्वभाव मात्र तसाच राहिला. तो बदलला २० फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईतच झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात.

त्या दिवशी प्रेक्षकाला प्रथमच निवडणाऱ्याची थैली दिसली. प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती, आणि सचिन तेंडुलकरांसारख्या मानाच्या खेळाडूला त्याच्या संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक द्यावयाचे होते. धोनी मुंबईत हवाच, असे आपल्या यादीत लिहिणाऱ्या सांताक्रूझकराने पेन्सिल घेऊन बसावे: धोनीला १५ लाख, म्हणून सचिनला सव्वासतरा लाख, बेरीज सव्वाबत्तीस लाख, आणि उरलेल्या पावणेअठरा लाखांत सगळा संघ. चेन्नईकडे असा मानाचा खेळाडू नव्हता; धोनीला त्यांनी १५ लाखांना घेतले. येथे पक्षपाताची फिर्याद करायची कोणाविरुद्ध? त्याच वर्षी मार्चमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या मुलांची वाटणी तर अमेरिकी पद्धतीने, पाळीपाळीने झाली. दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतले, आणि कोहली बंगळूरला गेला. बर्ट बेल यांना ही कथा ओळखीची वाटली असती.

फिर्यादीची जागा अशी हिशेबाने घेतली. यात काही गमावले आहे असे मला वाटते, कारण न्याय मागणारा माणूस भांडखोर असला तरी संघाला आपला समजतो, आणि थैली मोजणारा नकळत मालकाच्या मुनीमाच्या नजरेने पाहू लागतो. पण नव्या पिढीची हुशारी नाकारता येत नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, कलिन्याला खेटून असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पाच संघ, प्रत्येकी १२ कोटी रुपये. पहिलेच नाव सांगलीच्या स्मृती मानधनाचे पुकारले गेले. मुंबईने बोली चढविली आणि एका टप्प्यावर हात आखडता घेतला. बंगळूरने ३ कोटी ४० लाखांना तिला नेले. ज्यांच्या कागदावर मुंबईच्या रकान्यात पहिले नाव मानधनाचे होते, त्यांना लिलाव सुरू होऊन काही मिनिटे होतात तोच नवी बेरीज मांडावी लागली. त्या रकान्यात दिवस मावळेपर्यंत ३ कोटी २० लाखांची नॅट सिव्हर-ब्रंट, १ कोटी ९० लाखांची पूजा वस्त्राकर आणि १ कोटी ८० लाखांची हरमनप्रीत कौर जमा झाली होती.