येन वधारला, गिटारी जपानला निघाल्या

गिब्सन कंपनीची १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट लेस पॉल गिटार तेव्हा फारशी खपली नाही. १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलला. पुढे एरिक क्लॅप्टन, जिमी पेज यांच्या हाती ती दिसली आणि तिला सोन्याचे मोल आले.

सप्टेंबर १९८५ मध्ये प्लाझा करार झाला. सुमारे २४० येनचा डॉलर दोन वर्षांतच १५० येनच्या खाली उतरला. जपानी संग्राहकांना अमेरिकी गिटारी एकाएकी स्वस्त झाल्या. अमेरिकी वादकांना मात्र त्या परवडेनाशा झाल्या. ठेवा परदेशी चालला, अशी हळहळ तिकडे उमटली. विकणारे हात अर्थात अमेरिकीच होते!

गंमत म्हणजे, १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने जपानी ‘आयबानेझ’च्या अमेरिकी विक्रेत्यावर नक्कल केल्याचा दावा लावला होता. आता अस्सल वाद्येच टोकियोच्या दुकानांत टांगली जात होती.