मुंबईंतील टेबल-टेनिसचे जागतिक सामने

सामना खेळाडूनें जिंकला कीं त्याच्या हातांतील साधनानें, हा वाद धनुष्यबाणाइतका जुना असेल. १९५२ सालीं मुंबईस तो पुन्हां उभा राहिला आणि त्याचा निकाल लागावयास सात वर्षें गेलीं.

टेबल-टेनिसचे जागतिक सामने १९२६ सालीं लंडनमध्यें सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षीं हिंदुस्थानचा संघ तेथें हजर होता. पुढें हे सामने युरोपांतच भरत. १९३९ सालीं मात्र ते कैरोस गेले. आशियांत ते प्रथम आले ते मुंबईस, १ ते १० फेब्रुवारी १९५२ या दिवसांत. हंगेरी, इंग्लंड वगैरे राष्ट्रांचा त्या काळीं या खेळांत दरारा होता. जपानची गोष्ट निराळी. सॅन फ्रान्सिस्कोचा तह त्या वर्षीं २८ एप्रिलला अमलांत आला. म्हणजे जपानी चमू मुंबईस उतरला त्या वेळीं त्याचा देश दोस्तांच्या लष्करी अंमलाखालींच होता.

या चमूंत हिरोजी सातो नांवाचा, चष्मा लावणारा, अंगानें किरकोळ तरुण होता. (हें नांव ऐकून मराठी श्रोत्यास हिरोजी फर्जंदाची आठवण झाली तर नवल नाहीं, प्रतिपक्षास चकविण्याचें काम या हिरोजीनेंहि चोख बजाविलें.) टाक धरावा तशी तो बॅट धरी. तोंवर बहुतेकांच्या बॅटी बारीक दाण्यांच्या रबराच्या असत. चेंडू त्यांवर आदळला कीं 'टक्' असा स्वच्छ आवाज होई आणि त्यावरून फटक्याचा जोर कानानेंच ओळखण्याची मुरब्बी खेळाडूंस संवय होती. सातोच्या बॅटीवर स्पंजाचा जाड थर होता. चेंडू त्यांत क्षणभर रुते, आवाज जवळजवळ होत नसे आणि तो अनपेक्षित वेगानें परत येई. अमेरिकेचा मार्टी रीझमन हा विजयाच्या आशेनें आला होता. तो सातोपुढें हरला. अंतिम सामन्यांत हंगेरीचा योझेफ कोचियान हरला आणि पुरुषांचें एकेरी अजिंक्यपद प्रथमच आशियाकडे आलें.

रीझमनच्या मतें हा पराभव बॅटीनें केलेला होता. ही तक्रार अगदींच पोकळ नव्हती. कान निरुपयोगी झाल्यावर वर्षानुवर्षांची तालीम फुकट जाते. तथापि सातपैकीं चार अजिंक्यपदें जपाननें नेलीं, हें एकट्या सातोच्या बॅटीचें काम खास नव्हे. पुरुषांचा सांघिक करंडक हंगेरीनें जिंकला. रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनू यांनीं महिलांची एकेरी जिंकली; १९५० ते १९५५ अशीं ओळीनें सहा वर्षें तें पद त्यांचेंच होतें.

यजमानांच्या हातीं यांतलें कांहींच लागलें नाहीं. पण त्याच वर्षीं सिंगापूर येथें आशियाई सामने झाले, त्यांत महिलांची एकेरी गुल नासिकवाला यांनीं जिंकली. नासिककरांस निदान त्या आडनांवाचा तरी अभिमान वाटावा!

सातोस तें पद पुन्हां मिळालें नाहीं. परंतु १९५४ ते १९५७ या चारहि वर्षीं पुरुषांची एकेरी ओगिमुरा आणि तानाका या जपान्यांनींच आळीपाळीनें जिंकली. अखेर १९५९ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें नियम केला : नुसता स्पंज बंद, स्पंजावर रबर बसविलेलें असेल तर चालेल, मात्र दोहोंची मिळून जाडी ४ मिलिमीटरहून अधिक नसावी.