विटांच्या जुन्या भिंतींतील दरजा : डागडुजीचा इतिहास व इतिहासाचे साधन

१

वास्तूंच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याची दृष्टी सामान्यतः शिलालेख, कमानी, कोरीवकाम आणि आराखडा यांवर स्थिरावते. दोन विटांमधील चुन्याच्या सांध्याकडे, म्हणजे गवंड्यांच्या भाषेतील ‘दरजे’कडे, ती क्वचितच वळते. वस्तुतः विटांच्या भिंतीचे आयुष्य जितके विटेवर तितकेच दरजेवर अवलंबून असते. लखनौच्या बड्या इमामबाड्यासारख्या (इ. स. १७८४) वास्तूंत वापरलेल्या पातळ लखौरी विटांच्या बांधकामात तर दरजा जाड असतात व भिंतीच्या एकंदर घनफळात चुन्याचा वाटा फार मोठा असतो. अशा भिंतीत दरजांची दुरुस्ती म्हणजे भिंतीचीच दुरुस्ती होय. ही दुरुस्ती कशी करावी याविषयीच्या कल्पना गेल्या दोनशे वर्षांत दोनदा बदलल्या. त्या बदलांची कारणे कोणती आणि त्यांचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

चुन्याची भिंत कशी टिकते हे प्रथम पाहिले पाहिजे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली असता तिच्यातील कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो आणि शुद्ध चुनखडीचे वजन शेकडा ४४ ने घटते. उरलेली कळी पाण्यात विरवून, वाळू घालून व घाणीत मळून जो चुना तयार होतो, तो भिंतीत गेल्यावर हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगडाचे रूप घेऊ लागतो. ही क्रिया पृष्ठभागाकडून आत जाते. तिला ओलावा लागतो आणि पुष्कळ काळही लागतो. केवळ शुद्ध चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. म्हणून त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळण्याची पद्धत फार जुनी आहे. नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूत कुटलेल्या खापराचा तिसरा हिस्सा घालावा, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सांगितले आहे. भारतात सुरखीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मोठ्या सरकारी कामांतही चालू होती. इ. स. १८९५ मध्ये पुरे झालेले मुल्लपेरियार धरण चुना व सुरखी यांतच बांधलेले आहे.

असा चुना विटेपेक्षा मऊ असतो व त्यातून ओलाव्याची वाफ सहज बाहेर पडते. आधुनिक वाचकास मऊपणा हा दोष वाटेल, परंतु जुन्या भिंतीत तोच गुण ठरतो. पावसाचे व जमिनीतील पाणी भिंतीत शिरते, ते दरजांच्या वाटेने सुकते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार बहुतांशी दरजेतच स्फटिकरूप धारण करतात. भिंतीस लोणा लागतो तो प्रथम चुन्याला. उन्हाने व थंडीने भिंत किंचित फुगते व आकसते, तो ताणही मऊ दरजाच सोसतात. कालांतराने दरज झिजते, पोकळ होते, आणि ती पुन्हा भरावी लागते. म्हणजे दरज हा भिंतीचा मुद्दाम झिजू दिलेला भाग आहे. तिने झिजावे आणि विटेने टिकावे, अशी ही योजना आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. अशा रचनेत जमिनीची ओल विटांपर्यंत कमी पोचत असली, तरी पावसाळ्याचा मारा वरच्या दरजांना सोसावाच लागतो. दर काही पिढ्यांनी करावयाची डागडुजी या बांधकामपद्धतीत गृहीतच धरलेली आहे.

३

ही योजना विस्मृतीत का गेली, याचे उत्तर बंधकद्रव्यांच्या इतिहासात सापडते. एडिस्टनच्या दीपस्तंभाचे काम हाती घेतल्यावर जॉन स्मीटन याने १७५६ पासून निरनिराळ्या चुन्यांची परीक्षा केली आणि चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो असे दाखवून दिले. १७९६ मध्ये जेम्स पार्कर याने लवकर घट्ट होणाऱ्या ‘रोमन सिमेंट’चे एकस्व घेतले. फ्रेंच अभियंता लुई व्हिका याने १८१८ मध्ये जलबंधक चुन्याची मीमांसा प्रसिद्ध केली, आणि १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन याने ‘पोर्टलंड सिमेंट’चे एकस्व मिळविले. आजचे सिमेंट सुमारे १,४५० अंश उष्णतेवर भाजले जाते. ॲस्पडिनचा माल इतका भाजलेला नव्हता, परंतु नाव त्याचेच राहिले.

भारतात मद्रास येथे १९०४ मध्ये सिमेंट निर्मितीचा आरंभ झाला, तरी उद्योगाचा पाया घातला गेला तो १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्याने. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ची स्थापना झाली, तोवर सिमेंट हे शहरी बांधकामाचे नेहमीचे द्रव्य बनू लागले होते.

सिमेंटचा हा विजय केवळ त्याच्या बळकटपणामुळे झाला असे मानणे अपुरे आहे. चुन्याची कळी भट्टीगणिक बदलते; ती विरवण्यास दिवस लागतात; घाणीला बैल, जागा आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो; आणि काम पुरे झाल्यावरही चुना पक्का होण्यास महिने जातात. याउलट पोत्यातील सिमेंट सर्वत्र सारखे असते, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत करता येते आणि प्रमाण कंत्राटाच्या कागदावर लिहिता येते. ज्या व्यवस्थेत काम मोजून पैसे द्यावयाचे आणि मुदतीत इमारत ताब्यात घ्यावयाची, तिला सिमेंटच सोयीचे होते. त्याचबरोबर ‘चांगली भिंत’ या कल्पनेतही फरक पडला. दाबाखाली किती भार सोसतो, हाच बंधकद्रव्याच्या गुणवत्तेचा मुख्य निकष झाला. मऊपणा, वाफ बाहेर सोडण्याची शक्ती व पुन्हा दुरुस्त करण्याची सोय या गुणांना त्या कोष्टकात जागाच उरली नाही.

४

नव्या इमारतीत या बदलाने फारसे बिघडले नाही. बिघडले ते जुन्या भिंतींच्या डागडुजीत. मऊ विटांच्या भिंतीत दरजांचे तोंड कडक सिमेंटने बंद केले की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बदलते. ओलावा विटेच्या पृष्ठभागातून सुकू लागतो, क्षार विटेच्या त्वचेखाली स्फटिक बनून फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सिमेंटमधील विद्राव्य क्षारांची त्यात भर पडते. जुन्या विटेचा बाहेरचा कडक थर एकदा गेला की आतील मऊ गाभा अधिक वेगाने झिजतो. शेवटी विटा आत गेलेल्या आणि सिमेंटच्या दरजा मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पुढे आलेल्या, असे भिंतीचे रूप दिसते. झिजावयाचा भाग टिकला आणि टिकावयाचा भाग झिजला, असा हा विपर्यास आहे. हा दोष लगेच दिसत नाही. दुरुस्ती झाल्यावर काही वर्षे भिंत नीटनेटकी भासते, आणि पुढे होणाऱ्या नाशाचे खापर जुन्या विटेवर फुटते.

जतनाच्या तत्त्वज्ञानानेही या बाबतीत सरळ मार्ग चोखाळला नाही. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेने ‘जीर्णोद्धारा’ऐवजी वेळोवेळी डागडुजीचा आग्रह धरला. भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या जतनविषयक पुस्तिकेतही नूतनीकरणापेक्षा मूळ बांधकाम राखण्यावर भर आहे. परंतु १९३१ च्या अथेन्स सनदेने आधुनिक साधनांच्या, विशेषतः सलोह काँक्रीटच्या, विवेकपूर्ण उपयोगास संमती दिली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पारंपरिक तंत्र अपुरे पडेल तेथेच, आणि अनुभवाने व शास्त्राने सिद्ध झालेले, आधुनिक तंत्र वापरावे अशी मर्यादा घातली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने केवळ विटांच्या दरजांवर स्वतंत्र पुस्तिका काढली (सुधारित आवृत्ती १९९८), आणि भारतात ‘इन्टॅक’च्या २००४ च्या सनदेने परंपरागत कारागिरांच्या ज्ञानास जतनकार्यात मानाचे स्थान दिले.

५

आज मान्य झालेली पद्धती तिच्या साधेपणामुळे लक्षणीय आहे. प्रथम पाणी कोठून येते ते शोधून ती वाट बंद करावी. गळती चालू ठेवून दरजा भरणे व्यर्थ होय. ज्या दरजा खरोखर पोकळ झाल्या आहेत तेवढ्याच उकराव्या. जुना चुना छिन्नीने व हलक्या हाताने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत काढावा. विटांच्या कडा मोडण्याची भीती असेल तेथे जुने घट्ट सिमेंटदेखील तसेच राहू देणे श्रेयस्कर. धूळ काढून भिंत ओलवावी. कोरडी वीट नव्या चुन्यातील पाणी ओढून घेते. नवा चुना सुमारे पाव इंचाच्या थरांनी दाबून भरावा आणि अंगठ्याचा ठसा उमटणार नाही इतका एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा द्यावा. विटांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर दरज किंचित आत ठेवावी. नाहीतर चुना विटेच्या तोंडावर पसरतो आणि दरज मूळच्यापेक्षा रुंद दिसते. नंतर काही दिवस भिंत उन्हापासून झाकून ओलसर ठेवावी. नवे मिश्रण विटेपेक्षा व जुन्या चुन्यापेक्षा कडक असू नये, हा सर्वांचा मूळ नियम. अर्थात सतत ओल असलेल्या भागी सुरखीचा किंवा जलबंधक चुना लागतो, आणि विसाव्या शतकातील कडक विटांच्या, मुळातच सिमेंटमध्ये बांधलेल्या इमारतीस सिमेंटचीच दुरुस्ती योग्य. प्रश्न सिमेंट चांगले की वाईट हा नसून भिंतीशी काय जुळते हा आहे.

६

इतिहासाच्या अभ्यासकास या विषयाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. दरज हे साधन आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो व वाळू शिल्लक राहते. तिच्या कणांवरून ती कोणत्या नदीपात्रातील किंवा खाणीतील असावी याचा अंदाज बांधता येतो (शिंपल्यांची वाळू मात्र आम्लात चुन्याबरोबरच नाहीशी होते, हे विसरू नये). एकाच भिंतीतील दोन प्रकारचा चुना बांधकामाचे दोन टप्पे सुचवितो. चुन्यात राहिलेला भट्टीतील कोळशाचा कण, किंवा चुन्याने हवेतून शोषलेला कर्बही, किरणोत्सर्गी कर्बमापनाने कालनिर्णयास उपयोगी पडू शकतो. मात्र न भाजलेल्या चुनखडीचा अंश राहिला असल्यास निष्कर्ष फसतो. दरजेची घडणही बोलकी असते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये साध्या विटांच्या भिंतीवर विटेच्या रंगाचा चुना सपाट लावून त्यावर बारीक पांढरी रेघ ओढीत, ती महागड्या घोटीव विटकामाचा आभास निर्माण करण्यासाठी. तेथे दरज मालकाची ऐपत आणि आकांक्षा दोन्ही सांगते.

म्हणून संपूर्ण भिंतीच्या दरजा एकजात उकरून नव्याने भरणे म्हणजे एक दप्तर वाचण्याआधीच जाळून टाकणे होय. दुरुस्तीपूर्वी भिंतीची नोंद घेणे, चुन्याचे नमुने जपणे आणि सुस्थितीतील जुन्या दरजांचा काही भाग अस्पृष्ट ठेवणे ही कामे अभियंत्याइतकीच इतिहासकाराचीही आहेत. विटांच्या वास्तूंची हानी काळाने केली तशीच सदिच्छेने केलेल्या डागडुजीनेही केली आहे. त्या हानीचे मूळ अज्ञानात जितके आहे त्याहून अधिक, एका काळी सर्व गवंड्यांना ठाऊक असलेली गोष्ट दोन-तीन पिढ्यांत निरुपयोगी ठरविली गेली, यात आहे. ज्ञान केवळ वाढत जात नाही, ते हरवतेही, याचा असा ठळक पुरावा भिंतीवरच लिहिलेला क्वचित आढळतो.