मुंबई बेटावरची एक जुनी शाळा : अंजुमन-ए-इस्लाम

अकोला किंवा बडनेरा येथून गाडीत बसून मुंबईस जाणारा वऱ्हाडी प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, तेव्हा स्थानकाच्या भव्य इमारतीवरच त्याची नजर खिळते. परंतु रस्त्याच्या पलीकडे घुमट, मनोरा आणि टोकदार कमानी असलेली एक दगडी इमारत उभी आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा होय. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या शिक्षणसंस्थांनी तिचा इतिहास अवश्य जाणून घ्यावा, असा तो आहे.

मुंबई ही मुळात सात बेटांची वस्ती. भरणी घालून ती बेटे एक झाली, व्यापार वाढला आणि कोकणी, मेमन, बोहरा, खोजा असे नाना जमातींचे मुसलमान तेथे स्थायिक झाले. व्यापारात ते पुढे होते. मात्र इंग्रजी शिक्षणापासून समाजाचा मोठा भाग दूरच राहिला. दीनी तालीम सोडून मुले परकी विद्या शिकतील, ही धास्ती होती. गरिबीही होतीच.

ही कोंडी फोडण्यासाठी 1874 साली बदरुद्दीन तय्यबजी यांनी आपले वडीलबंधू कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह अंजुमनची स्थापना केली. बदरुद्दीन यांचा जन्म 1844 चा. त्यांचे पहिले शिक्षण मदरशात उर्दू-फारसीचे झाले, पुढे एल्फिन्स्टनमध्ये आणि नंतर विलायतेत. 1867 साली ते बॅरिस्टर होऊन परतले. मदरसा आणि विलायत या दोहोंचा अनुभव असल्यामुळे, या दोन विद्या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे ते स्वानुभवाने सांगू शकत होते.

संस्था निघाली तरी शाळा सुरू व्हायला 1880 साल उजाडले. बाबुला टँकजवळ 3 शिक्षक आणि 120 विद्यार्थी एवढ्या भांडवलावर ती सुरू झाली. उर्दू-फारसीबरोबर इंग्रजी आणि आधुनिक विषय हे तिचे धोरण राहिले.

स्वतःच्या इमारतीची पायाभरणी 1890 मध्ये झाली आणि 1893 साली ती पूर्ण झाली. आराखडा जेम्स विलकॉक्स यांचा. समोरचे रेल्वे स्थानक अवघ्या पाच वर्षांपूर्वी, 1888 मध्ये पुरे झाले होते. सरकारी वैभवाच्या त्या इमारतीसमोर समाजाच्या मुलांची शाळा मान वर करून उभी राहिली, यातील अर्थ त्या काळच्या लोकांना सांगावा लागला नसेल.

बदरुद्दीन यांचे कार्य शाळेपुरते राहिले नाही. 1887 साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रसभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी, 1897 मध्ये, तीच राष्ट्रसभा आपल्या अमरावतीत भरली. 1895 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1906 मध्ये लंडन येथे त्यांचा इंतकाल झाला.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र मुद्दाम केला पाहिजे. 1903 साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अध्यक्षपद बदरुद्दीन यांच्याकडे होते आणि स्त्रीशिक्षणाचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. आपल्या मुलींना तर त्यांनी स्वतः शाळेत घातले होते. तरीही अंजुमनची मुलींची शाळा निघाली ती 1936 साली. म्हणजे परिषदेनंतरही तेहतीस वर्षे गेली! एवढ्या काळात मुलींची एक अख्खी पिढी शाळेच्या दाराबाहेर मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. विचार पटणे आणि तो अमलात येणे यांत केवढे अंतर पडते, हे यावरून दिसते.

पुढे अंजुमनचा व्याप वाढला. साबू सिद्दीक तंत्रनिकेतन, उर्दू संशोधन संस्था, महाविद्यालये असा विस्तार झाला. करीमी ग्रंथालयात उर्दू-फारसी-अरबी ग्रंथांचा ठेवा जपला गेला. खेळाचीही परंपरा आहे. वसीम जाफर हा याच शाळेचा विद्यार्थी. पंधराव्या वर्षी आंतरशालेय सामन्यात त्याने नाबाद 400 धावा काढल्या. पुढे तो विदर्भाकडून खेळला, आणि 2017-18 व 2018-19 असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या आपल्या संघात तो होता. मुंबईच्या त्या शाळेचे ऋण असे वऱ्हाडापर्यंत पोहोचले आहे.

पालकहो, घुमट आणि मनोरे उभारण्याची ऐपत प्रत्येक संस्थेची नसते. पण 3 शिक्षक आणि 120 मुले जमवणे अकोल्या-अमरावतीतच काय, दर्यापूर-बाळापुरातही अशक्य नाही. अंजुमनची इमारत शाळेनंतर तेरा वर्षांनी पुरी झाली; आधी मुले आली, मग दगड आले. म्हणून इमारत होईल तेव्हा होवो, आज घरातील मुलगा आणि मुलगी दोघांनाही शाळेत धाडावे, आणि सातवी-आठवीत मुलीचे नाव काढून घेण्यापूर्वी त्या तेहतीस वर्षांचा एकदा विचार करावा. विद्यार्थ्यांनीही पुढे मुंबईस गेल्यावर स्थानकाबाहेर क्षणभर थांबून ती इमारत पाहावी, एवढीच विनंती.