तेलाच्या भट्ट्यांच्या शोधात

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला, तेव्हा आम्ही काही शिक्षक मुलांना घेऊन विसरवाडीहून कोंडाईबारी घाटाकडे निघालो. एकेकाळी येथून तेल सुरतेला जात असे, हे ऐकताच एका मुलाने विचारले, "सर, इथे तेलाच्या विहिरी होत्या?"

विहिरी नव्हत्या. हे तेल निघे रोशा गवतातून. मराठीत त्याला तिखाडी म्हणतात. संधिवातावर ते चोळत. धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर. पुढे तो नंदुरबार, शहादा, तळोदा भागात पसरला. 1880 च्या खानदेश गॅझेटियरनुसार 1879-80 साली 197 भट्ट्या चालू होत्या आणि तेल काढणारे सारे मुसलमान होते.

पावसाळा सरताना हे कारागीर ओढ्याकाठी येत. 4 फूट लांब, 2 फूट रुंद खड्डा खणून चूल घालत. तांब्याच्या किंवा लोखंडी हंड्यात गवत व पाणी भरून झाकण कणकेने लिंपत. झाकणातून निघालेली बांबूची नळी वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात जाई. तेथे वाफ थंड होई आणि वर तरंगणारे तेल हलक्या हाताने काढून घेत. मग कातडी बुधल्यांतून, बैलांच्या पाठीवर ते या घाटाने सुरतेला किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई. तेथून तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून ते तुर्कस्तानात पोहोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

आम्ही ओढ्याकाठी बराच वेळ फिरलो. एकही खूण सापडली नाही. सापडणार तरी कशी? हंगाम संपला की हंडे उचलायचे. पुढच्या पावसात खड्डा बुजून जायचा.

मुलांना आपला इतिहास विचारला तर ती ताजमहाल, चारमिनार सांगतात. दोष त्यांचा नाही. आम्हीच तेवढे शिकवले. गॅझेटियरने खड्ड्याचे माप लिहिले, पण तो खणणाऱ्या एकाचेही नाव लिहिले नाही. बादशहांच्या कबरी शाबूत आहेत. घाम गाळून दूरच्या मुलखाला सुगंध पुरवणाऱ्यांची आठवण मात्र आपल्याच घरांतून पुसली गेली.

परतताना मुलांना एकच अभ्यास दिला: आजोबा-पणजोबा कोणता धंदा करीत, ते घरी विचारून लिहून आणा. वाचकहो, हा अभ्यास आपणही करावा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच.